चेन्नईचा ‘पॉम’ नेमका कोण? केसाळ, लहान श्वान घरी आणण्यापूर्वी

चेन्नई : महापालिकेच्या परवान्याच्या अर्जात पाळीव श्वानाची जात नोंदवण्यासाठी एक छोटा रकाना असतो. पांढराशुभ्र, टोकदार कानांचा, पाठीवर वळलेल्या झुपकेदार शेपटीचा जो लहानखुरा श्वान मैलापूरच्या जुन्या घरांच्या ओसरीपासून अण्णानगरच्या सदनिकांपर्यंत गेली कित्येक दशके दिसत आला आहे, त्याच्यासाठी त्या रकान्यात बहुधा एकच शब्द लिहिला जातो : पॉमेरेनियन. घरात त्याला नुसते ‘पॉम’ म्हणतात. बहुतेक वेळा ही नोंद चुकीची असते. तो श्वान पॉमेरेनियन नसून ‘इंडियन स्पिट्झ’ असतो.

बृहन् चेन्नई महापालिकेने २०२५ च्या अखेरीस पाळीव श्वानांसाठी परवान्यासोबत मायक्रोचिप सक्तीची केली आणि विनापरवाना प्राणी पाळणाऱ्यांना ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्यामुळे हा रकाना आता गांभीर्याने भरावा लागतो. पण प्रश्न केवळ कागदावरील अचूकतेचा नाही. ‘पॉम’ या एका शब्दाआड दोन अतिशय वेगळे श्वान दडले आहेत. त्यांपैकी एकाने भारतातील उकाड्याशी कित्येक पिढ्या जुळवून घेतले आहे, दुसऱ्याने नाही. वर्षाचा मोठा भाग दमट उष्म्यात काढणाऱ्या या शहरात हा फरक प्रसंगी श्वानाच्या जिवावर बेततो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीत केसाळ श्वान आणू पाहणाऱ्या कुटुंबांनाही हाच हिशेब लागू पडतो.

बाल्टिकच्या किनाऱ्यावरून

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्रालगतचा प्रदेश. आज त्याचा काही भाग पोलंडमध्ये, तर काही जर्मनीत आहे. तेथील थंडीत वाढलेल्या स्पिट्झ कुळातील श्वानांवरून पॉमेरेनियन हे नाव रूढ झाले. मूळचा हा श्वान आजच्याइतका चिमुकला नव्हता. ब्रिटनच्या महाराणी व्हिक्टोरिया यांनी १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथून ‘मार्को’ नावाचा लहान पॉमेरेनियन आणला आणि राजघराण्याच्या या पसंतीमुळे लहान चणीच्या श्वानांची टूम निघाली. मार्कोचे वजन सुमारे साडेपाच किलो होते, असे सांगितले जाते. पुढे पैदासकारांनी निवडीने हा आकार आणखी घटवत नेला. आजच्या प्रदर्शनांतील पॉमेरेनियन दीड ते तीन किलोंच्या घरातला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची उंची खांद्यापाशी २४ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये.

याच कुळातील जर्मन स्पिट्झ ब्रिटिश अमदानीत भारतात आले. साहेबाच्या बंगल्यातून ते हळूहळू कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि रेल्वे वसाहतींतील घरांत पोहोचले. पिढ्यान्‌पिढ्या येथेच पैदास होत गेल्याने त्यांतून जो श्वान टिकला, तो इंडियन स्पिट्झ. त्याचा लहान प्रकार साधारणपणे पाच ते सात किलोंचा असतो. मोठा प्रकार १२ किलोंच्या पुढे जातो. त्याचे मुस्कट पॉमेरेनियनपेक्षा लांब, कान ठळक आणि अंगावरचे केस तुलनेने विरळ असतात.

१९८० च्या दशकात परदेशी श्वानांची आयात अवघड असल्याने मध्यमवर्गीय घरांना हाच श्वान सहज मिळे. आमटीभातावर किंवा दहीभातावर राहणारा, अनोळखी माणूस फाटकाशी आला की घर डोक्यावर घेणारा आणि घरातल्यांपाशी लाडात येणारा स्पिट्झ त्या काळी मद्रासमध्ये जितका दिसे, तितकाच पुण्यातही. १९९४ मधील ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी घराघरात पोहोचला, तोही याच पांढऱ्या कुळातला.

तरीही या श्वानाच्या वाट्याला देशीपणाचा मान कधी आला नाही. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय श्वानांवर चार तिकिटे काढली. त्यांत तमिळनाडूचा राजपालयम होता, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड होता, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग होते. राजपालयम, चिप्पिपारै आणि मुधोळ या जातींची राष्ट्रीय स्तरावर अधिकृत नोंदही झाली आहे. शिकारीच्या आणि राखणीच्या श्वानांना इतिहास असतो, सोफ्यावर झोपणाऱ्याला नसतो, असा काहीसा हा न्याय दिसतो. परिणामी स्पिट्झ आपल्या परदेशी चुलत भावाच्या नावाने ओळखला जात राहिला. याची किंमत ग्राहकही मोजतो : पॉमेरेनियनचे पैसे देऊन स्पिट्झ घरी येतो, किंवा ‘आमच्याकडे पूर्वी पॉम होताच की’ या भरवशावर घेतलेला खरा पॉमेरेनियन पहिल्याच मे महिन्यात धापा टाकू लागतो.

ओळखावा कसा

पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे असताना दोघांत फरक करणे अनुभवी डोळ्यांनाही कठीण जाते. दोन्ही लोकरीच्या गुंड्यासारखे दिसतात. त्यामुळे पिल्लापेक्षा त्याच्या आईकडे पाहावे. आईचे वजन सहा किलो असेल, मुस्कट निमुळते व लांब असेल, तर पिल्लू अडीच किलोंवर थांबणार नाही. आई दाखवण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ‘टीकप’, ‘मायक्रो’, ‘मिनी’ ही विशेषणे विक्रीची आहेत. श्वानसंघटनांच्या मानकांत अशा नावाचा पॉमेरेनियन नाही. अतिशय लहान पिल्लांत रक्तातील साखर अचानक खालावण्याचा धोका असतो. एक-दोन वेळचे खाणे चुकले तरी असे पिल्लू लुळे पडू शकते. सर्वात लहान पिल्लू सर्वात महाग विकले जाते आणि अनेकदा तेच सर्वात नाजूक असते.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे मुख्यालय चेन्नईतच, अण्णानगर भागात आहे. या संस्थेचे प्रमाणपत्र पिल्लाच्या वंशावळीची नोंद देते. आरोग्याची हमी देत नाही, ही बाब अनेक खरेदीदार ध्यानात घेत नाहीत. हमीच हवी असेल, तर खरेदीनंतर एक-दोन दिवसांत स्वतंत्र पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेण्याची अट आधीच ठरवून घ्यावी.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम लागू केले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे त्यानुसार बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. १८ महिन्यांहून लहान मादीपासून पैदास करता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा विणी घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर विक्रेत्याचा चेहरा बदलला, तर उत्तर मिळालेच असे समजावे. आठवडी बाजारातील टोपलीतून किंवा मोबाइलवरील छायाचित्र पाहून घेतलेल्या पिल्लाबाबत यांपैकी काहीही पडताळून पाहता येत नाही. अशा पिल्लांत पार्व्हो विषाणूचा संसर्ग आढळणे ही पशुवैद्यकांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नाही.

‘परदेशातून मागवलेले’ असा दावा तर सरळ बाजूला ठेवावा. एप्रिल २०१६ पासून व्यापारी पैदाशीसाठी श्वान आयात करण्यास मनाई आहे. परदेशातून भारतात राहायला येणारी व्यक्ती स्वतःचा पाळीव श्वान आणू शकते. त्यासाठी मोजक्याच विमानतळांवर विलगीकरण केंद्राची सोय आहे आणि चेन्नई त्यांपैकी एक आहे.

लहान, केसाळ श्वानांच्या पसंतीत आता शित्झूने मोठी जागा घेतली आहे. तिबेट आणि चीनच्या राजदरबारांशी नाते सांगणारा हा श्वान स्वभावाने शांत, कमी भुंकणारा आणि सदनिकेला साजेसा आहे, हे खरे. मात्र त्याचे नाक चपटे आहे. त्याचे मोठे, बाहेर आलेले डोळे कोरडे पडणे आणि डोळ्यांच्या बुबुळावर व्रण होणे हे त्याचे नेहमीचे दुखणे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे देशभर पगची लाट आली, तेव्हा चपट्या नाकाच्या श्वानाला भारतीय उन्हाळा किती जड जातो याचा धडा अनेक घरांनी घेतला होता. शित्झूचे नाक पगइतके दबलेले नसते, पण दिशा तीच आहे.

तमिळनाडू शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या श्वान प्रजनन धोरणात, येथील हवामानाला न मानवणाऱ्या जातींची यादी देण्यात आली. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड, पग यांच्याबरोबर तीत कीसहाँड या जातीचाही समावेश होता. हे नाव फारसे परिचित नाही. पण कीसहाँड हा पॉमेरेनियनचा थोरला सख्खा म्हणावा असा नातेवाईक आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ या दोघांना जर्मन स्पिट्झ या एकाच जातीचे आकारभेद मानतो. पॉमेरेनियन मात्र त्या यादीत नव्हता. केसांचा थर तोच, तर मग आकार लहान म्हणून उकाडा कमी जाणवतो काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उकाडा आणि दमटपणा

श्वानाला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरील आणि श्वसनमार्गातील ओलावा हवेत सोडून बाहेर टाकतो. हवा कोरडी असेल तर हा ओलावा लवकर उडतो. हवाच बाष्पाने भरलेली असेल तर उडत नाही. श्वान धापा टाकत राहतो आणि धापा टाकण्याच्या श्रमानेच आणखी तापतो. म्हणूनच नागपूरचे ४२ अंश आणि चेन्नईचे ३६ अंश यांची तुलना केवळ तापमापकावरून करता येत नाही. चेन्नईत ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंशांवर गेला होता, तो अपवाद. खरा धोका मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम्’च्या दिवसांत, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो अशा दुपारी आणि वीज गेलेल्या बंद खोलीत असतो.

निरोगी श्वानाच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांकडे गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. अखंड धाप, दाट चिकट लाळ, लालभडक जीभ व हिरड्या, झोकांड्या, उलटी ही त्याची चिन्हे. अशा वेळी आधी अंग थंड करावे आणि मग रुग्णालयाकडे धाव घ्यावी. नळाच्या पाण्याने पोट, काखा आणि पाय भिजवावेत, पंखा लावावा. केसाळ श्वानाच्या बाबतीत पाणी वरच्यावर न ओतता बोटांनी केस विलग करून त्वचेपर्यंत पोहोचवावे लागते, अन्यथा ते केसांवरून निथळून जाते. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नये. टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपलेल्या श्वानाच्या तोंडात पाणी ओतू नये. गाडी चालू लागली की तिची वातानुकूलन यंत्रणा सुरू ठेवावी. उतरताना मात्र श्वानाला बंद गाडीत ठेवून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणे या शहरात कोणत्याही महिन्यात धोक्याचे आहे.

फिरायला नेण्याची वेळ सकाळी साडेसहाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतरची असावी. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही. बेझंट नगरच्या किनाऱ्यावरील वाळूलाही हेच लागू. जमिनीलगत चालणाऱ्या दोन किलोंच्या श्वानाला रस्त्याची धग शेजारून चालणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक लागते.

केस कापावेत का

उन्हाळा आला की ‘सगळे केस काढून टाका’ असा आग्रह श्वानांच्या केशकर्तनालयांत हमखास धरला जातो. हेतू चांगला असतो. पण पॉमेरेनियन आणि स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत दाट, मऊ लव आणि बाहेर लांब, राठ केस. बाहेरचे केस ऊन थेट त्वचेवर पडू देत नाहीत. यंत्राने दोन्ही थर मुळापासून भादरले की त्वचा उघडी पडते. शिवाय स्पिट्झ कुळात असे कापलेले केस पुन्हा नीट उगवतीलच याची खात्री नसते. कधी ते ठिकठिकाणी विरळ येतात, कधी वर्ष उलटले तरी येत नाहीत. पॉमेरेनियनमध्ये तर केस गळून त्वचा काळी पडण्याचा एक स्वतंत्र विकारही आढळतो. तो सौम्य असला तरी मालकाला घाबरवतो.

उपाय कात्रीचा नाही, कंगव्याचा आहे. आतली सुटलेली लव नियमितपणे विंचरून काढली की हवा त्वचेपर्यंत पोहोचते. आठवड्यातून तीन वेळा आणि केस गळण्याच्या हंगामात रोज, लांब दातांच्या कंगव्याने मुळापासून विंचरावे. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि आत गुंता तसाच राहतो. कानांमागे, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूस गुंते आधी होतात. ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, हे गुंते ओल धरून ठेवतात आणि त्याखाली त्वचा कुजू लागते. पावसात भिजून आलेल्या श्वानाला पुसून सोडून देणे पुरेसे नसते. केस मुळापर्यंत वाळवावे लागतात. पोटाखालचे, पंजांतील आणि गुदद्वाराभोवतीचे केस स्वच्छतेसाठी छाटण्यास हरकत नाही.

शित्झूचे गणित निराळे. त्याचे केस सतत वाढत राहतात, त्यामुळे ते आखूड कापले तरी बिघडत नाही. उलट चेन्नईत ते आखूडच ठेवलेले बरे. ‘सगळ्या केसाळ श्वानांचे केस कापा’ आणि ‘कोणाचेच कापू नका’ ही दोन्ही विधाने म्हणूनच अर्धवट आहेत.

गोचीड, उंदीर आणि सांबारातला कांदा

पांढऱ्या दाट केसांत गोचीड लपते तेव्हा ती दिसत नाही, हाताला लागते. तपकिरी रंगाची श्वान-गोचीड घरातही वस्ती करते. तिची अंडी भिंतींच्या फटींत, दाराच्या चौकटींत, फरशीच्या सांध्यांत असतात आणि एकच मादी हजारो अंडी घालू शकते. थंडी नसलेल्या शहरात तिचा हंगाम वर्षभर चालतो. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू रक्तात शिरतात. ताप, खाण्यावरची वासना उडणे, हिरड्या फिकट पडणे, क्वचित नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. वेळेत निदान झाल्यास उपचार आहेत; ‘उकाड्यामुळे मलूल झाला असेल’ असे म्हणत आठवडा घालवला तर पाच किलोंच्या शरीरात फार काही शिल्लक उरत नाही. गोचीड-प्रतिबंधक औषध वजनानुसार बारा महिने चालू ठेवणे हा येथील खर्चाचा अटळ भाग आहे. रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतील बाजू आणि पट्ट्याखालची मान चाचपण्यास मात्र काहीही खर्च येत नाही.

लसीकरणात रेबीजची लस वयाच्या तीन महिन्यांच्या सुमारास आणि त्यानंतर ठरलेल्या वेळी द्यावी लागते. परवान्यासाठी तिचे प्रमाणपत्र आवश्यक असते. डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. लेप्टोस्पायरोसिसची लस चेन्नईत आणि कोकणपट्टीत वगळू नये. उंदरांच्या मूत्रातून पावसाच्या साचलेल्या पाण्यात येणारा हा जंतू श्वानाच्या मूत्रपिंडांवर व यकृतावर घाला घालतो आणि श्वानाकडून माणसालाही होऊ शकतो.

आहाराबाबत एक रूढ समजूत तपासून पाहायला हवी. स्पिट्झ दहीभातावर जगतो, हे खरे. तो त्यावर सुदृढ राहतो, हे खरे नाही. दहीभातात पुरेशी प्रथिने नसतात. शाकाहारी घरांनी निदान समतोल तयार खाद्याची जोड द्यावी, किंवा अंडे चालत असल्यास ते द्यावे. घरगुती आहारच द्यायचा असेल, तर तो पशुवैद्यकाकडून आखून घ्यावा. त्याहून गंभीर बाब उरलेल्या सांबाराची आहे. इडलीचा तुकडा सांबारात बुडवून श्वानाला देणे ही येथील प्रेमाची सवयच. मात्र छोट्या सांबार-कांद्यासह कोणताही कांदा, शिजवलेला असला तरी, श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. लहान श्वानाला त्यासाठी प्रमाणही लहानच पुरते. आपल्याकडील कांदा-लसणाच्या वाटणाची आमटीही त्याच यादीत येते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हीदेखील विषेच.

लठ्ठपणा केसांखाली झाकला जातो. महिन्यातून एकदा फासळ्या चाचपून पाहाव्यात. हलक्या दाबाने त्या बोटांना लागत नसतील, तर वजन वाढले आहे. लहान श्वानांत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष सर्रास आढळतो. चालताना मध्येच तिसऱ्या पायावर उडी मारून श्वान पुन्हा नीट चालू लागतो, तेव्हा त्याला खोडकरपणा समजले जाते. नव्या सदनिकांतील गुळगुळीत फरशा आणि सोफ्यावरून मारलेल्या उड्या हा दोष वाढवतात. एखादी जाड सतरंजी, सोफ्याशी ठेवलेला बुटका पाट एवढ्याने बरेच साधते. पॉमेरेनियनची श्वासनलिका कमकुवत असू शकते. म्हणून दोरी मानेच्या पट्ट्याला न लावता छातीभोवतीच्या हार्नेसला लावावी. हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला ऐकू आला, तर तो ‘घशात केस अडकला’ म्हणून सोडू नये. दात दाटीवाटीने येत असल्याने तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच त्यांवर किटण चढते. मादीचे निर्बीजीकरण केले नसेल, तर सहा-सात वर्षांच्या पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत तिला तहान फार लागू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यासाठी चेन्नईत सोय चांगली आहे. वेपेरी येथील मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ मध्ये सुरू झाले आणि आजही त्याचे रुग्णालय शहरातील लहान प्राण्यांसाठीचा मोठा आधार आहे. मुंबईकरांना परळच्या १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची जी सवय आहे, तशीच ही. चेन्नई महापालिकेचीही नुंगमबाक्कम, तिरु. वि. क. नगर आदी ठिकाणी पाळीव प्राण्यांची चिकित्सालये असून तेथे लस, चिप आणि परवाना यांची कामे होतात.

भुंकणे, शेजार आणि परवाना

स्पिट्झ भुंकतो. राखणीसाठीच तो घरोघर पोहोचला आणि स्वतंत्र घरांच्या काळात हा त्याचा गुण होता. सामाईक भिंतीच्या सदनिकेत तोच तक्रारीचा विषय होतो. दिवसभर एकटा राहणारा स्पिट्झ उद्वाहनाच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला भुंकण्याच्या कारणावरून श्वान पाळण्यास बंदी करता येत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष चेन्नईच्याच, ‘कलाक्षेत्र’च्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या आणि त्याचे मुख्यालयही दीर्घकाळ याच शहरात होते. कायदा बाजूने असला, तरी शेजाऱ्याची झोप हा वेगळा विषय आहे. घरात दिवसभर कोणी नसणार असेल, तर स्पिट्झ न आणणे हाच त्यातला सरळ मार्ग.

मे २०२४ मध्ये नुंगमबाक्कम भागातील एका उद्यानात दोन रॉटवायलर श्वानांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले. त्यानंतर परवान्याची अंमलबजावणी कडक होत गेली. वर्षाला ५० रुपये शुल्काचा हा परवाना तेव्हाही होता, पण त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सात किलोंच्या स्पिट्झलाही तो तितकाच लागू आहे. मायक्रोचिपविषयी मात्र गैरसमज दिसतात. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली सुईने बसवली जाते आणि तिच्यात १५ अंकी क्रमांकाखेरीज काहीही नसते. तिला विजेरी नसते, ती श्वानाचा ठावठिकाणा कळवत नाही. दिवाळीच्या फटाक्यांना बिचकून पळालेला श्वान कोणाला सापडला आणि त्याने तो चिप वाचण्याचे यंत्र असलेल्या दवाखान्यात नेला, तरच त्या क्रमांकावरून मालकाचा शोध लागतो. म्हणून नोंदीतील दूरध्वनी क्रमांक बदलला, तर नोंदही बदलावी लागते.

टाकून दिलेल्या श्वानाचा माग मालकापर्यंत लावता येणे, हा या क्रमांकाचा दुसरा उपयोग. स्पिट्झ १२ ते १५ वर्षे जगतो. मुलांच्या हट्टाखातर आणलेला श्वान मुले परगावी शिकायला जातात तेव्हा म्हातारा, अंधुक दृष्टीचा आणि औषधांवरचा झालेला असतो. त्याच सुमारास घर पाडून सदनिका उभी राहते किंवा बदली होते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि श्वानाला वाऱ्यावर सोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. म्हणजे परवान्याच्या वार्षिक शुल्काहून अधिक नाही.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या ब्लू क्रॉस ऑफ इंडियासारख्या संस्थांकडे चौकशी केली, तर पिल्लू विकत घेण्याऐवजी मोठा श्वान दत्तक घेण्याचा पर्यायही समोर येतो. ज्येष्ठ नागरिकांच्या घराला सहा-सात वर्षांचा, शिस्त लागलेला स्पिट्झ पिल्लापेक्षा अधिक मानवतो. त्याचे वजन किती होणार, तो किती भुंकणार, उन्हाळा त्याला कसा जातो, हे सारे आधीच कळलेले असते. दत्तक घेताना मागील लसीकरणाची पत्रिका मागून घ्यावी, मूत्रपिंड व हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि चिपच्या क्रमांकापुढील मालकाचे नाव महापालिकेच्या नोंदीत बदलून घ्यावे. जातीच्या रकान्यात जुन्या मालकाने ‘पॉमेरेनियन’ लिहिले असेल, तर तेही त्याच वेळी दुरुस्त करता येईल.